जंतूंचा चातुर्मास

पूर्वी पुण्यातला निवृत्त माणूस वेताळ टेकडीवर जाऊन देशाची काळजी करायचा. आता तो आतड्यांची करतो. विषय बदलला, दुसऱ्याला मध्ये बोलू न देण्याची पद्धत मात्र तीच राहिली. सकाळी साडेसहाला एआरएआयच्या बाजूने चढायला लागा. माथ्यावर पोचेपर्यंत दोन-तीन अनोळखी पोटांची इत्थंभूत हकीकत कानावर पडलेली असते. कोणाचं 'साफ' झालं, कोणाचं 'झालं, पण समाधान नाही', कोणाचं थेट उद्यावर गेलं. एखादा टवटवीत माणूस शीळ घालत उतरताना दिसला की चढणारे त्याच्याकडे असूयेने बघतात. ही असूया पूर्वी प्रमोशन मिळालेल्याच्या वाट्याला यायची.

आमच्या कट्ट्यावर आम्ही चौघे. कर्नलसाहेब, संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक, पन्नाशीतच सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेले आणि त्यामुळे सगळ्या विषयांना मोकळे झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे 'सीईओ' म्हणतात, आणि बँकेतला मी. एका सकाळी सीईओंनी मला गाठलं.

"दही खाता?"

"खातो."

"नुसतं?"

"साखर घालून."

"म्हणजे जंतू पोटात सोडता. त्यांच्या जेवणाचं काय?"

बँकेत असताना कर्जदार जेवला का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. जंतूंच्या जेवणाचा प्रश्न मला सुचणं शक्यच नव्हतं. सीईओंनी मग समजावून सांगितलं. पोटाला उपकारक असे जिवंत जंतू म्हणजे प्रोबायोटिक. आपल्याला न पचणारा पण या जंतूंना मानवणारा तंतुमय पदार्थ म्हणजे प्रीबायोटिक. दोन्ही एकत्र घेतलं की सिनबायोटिक. "अगदी बेसिक आहे," ते म्हणाले. हे वाक्य ते सगळ्याच गोष्टींना लावतात. एकदा स्वतःच्या बायपासबद्दलही असंच म्हणाले होते.

"पण आत असतात तरी किती हे?" मी विचारलं.

"अडतीस लाख कोटी."

"कोणी मोजले?" कर्नलसाहेब म्हणाले. फौजेत हजेरी घेतल्याशिवाय आकडा मान्य होत नाही.

आकडा खरा आहे. इस्राएल आणि कॅनडातल्या तीन शास्त्रज्ञांनी २०१६ साली हा हिशोब मांडला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू, आणि सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. त्याआधी कित्येक वर्षं 'माणसाच्या पेशींच्या दसपट जंतू' असं सगळीकडे बिनदिक्कत छापलं जात होतं. नव्या हिशोबात ते जवळजवळ बरोबरीला आले. एवढी तफावत आमच्या शाखेत निघाली असती, तर मॅनेजर गडचिरोलीला गेला असता.

त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात गेलो.

"जिवंत जंतूंची पुडी आहे का?"

"काय होतंय?"

"काही नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही, उत्तम आहे."

"मग कशाला छेडता?" असं म्हणून त्याने पुड्या मात्र काढून दिल्या. एक फ्रिजमध्ये ठेवायची, एक बाहेर ठेवली तरी चालणारी. सीईओंच्या सांगण्यावरून तंतूंची सोय ऑनलाइन झाली. इन्युलिन म्हणून एक पांढरी भुकटी आली, चिकोरीच्या मुळापासून काढलेली. हीच चिकोरी भाजून कॉफीत मिसळतात. आमची ही म्हणाली, "अहो, घरात इसबगोल आहे की." हे खरं होतं. इसबगोल आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे. पेल्यात घालून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्याची खळ झालेली असते आणि तिच्यात चमचा उभा राहतो. पण सीईओंनी इसबगोल एका वाक्यात बाद केला. तो पाणी धरतो, फुगतो, पुढचं सगळं ढकलून नेतो. जंतूंना मात्र त्यात फारसं खाण्यासारखं सापडत नाही. इन्युलिनवर ते तुटून पडतात.

'तुटून पडतात' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

डब्यावर लिहिलं होतं, सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. पाहुण्याला आग्रह न करण्याबद्दल पुणेकर आधीच बदनाम आहे. म्हटलं, निदान या पाहुण्यांना तरी बोलायला जागा नको. वाडगाभर ताक, त्यात एक पुडी, वर इन्युलिनचे दोन मोठे चमचे, शीग लावून. ते पिऊन आम्ही उभयता सवाई गंधर्वला गेलो.

मुकुंदनगरचा मांडव, डिसेंबरची थंडी, शाली, मफलर, मागच्या बाजूने येणारा वड्यांचा वास. मंचावर विलंबित ख्याल सुरू होत होता. गायकाने डोळे मिटून षड्ज लावला. हजारो माणसं श्वास रोखून बसली. त्या शांततेत माझ्या पोटाने खर्जात साथ धरली. आधी एक लांब मींड, मग थोडा विराम, मग गमक. शेजारी मफलर गुंडाळलेले एक वयस्कर रसिक मान डोलवत होते. ते थांबले. माझ्या पोटाकडे त्यांनी बराच वेळ कान दिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं काळी दोनमध्ये चाललंय. बुवा काळी एकला आहेत."

ही एक खुर्ची पलीकडे सरकली. सवाईत मिळालेली जागा माणूस पाणी प्यायलासुद्धा सोडत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना परिस्थितीची कल्पना येईल. मी द्रुत सुरू व्हायची वाट बघितली, तबल्याच्या आवाजात सगळं बुडेल या आशेने. पण माझ्या पोटाने लय आधीच वाढवली होती.

याचा उलगडा रविवारी झाला. पुतणी पोळी-भाजीला आली होती. ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक शिळ्या डब्याकडे ममतेने बघते.

"काका, एकदम दोन मोठे चमचे? मोठ्या आतड्यात जंतू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशींना उपयोगी पडणारी ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात."

"मग त्या आम्लांचा आवाज होता का तो?"

"नाही. आम्लं मुकाट काम करतात."

मग तिने सिनबायोटिकचे दोन प्रकार सांगितले. २०२० साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तशी व्याख्याच केली आहे. एका प्रकारात जंतू आणि तंतू एकमेकांसाठी निवडलेले असतात; हा तंतू नेमका याच जंतूला मानवतो हे तपासलेलं असतं. म्हणजे रीतसर पत्रिका बघून जमवलेलं. दुसऱ्या प्रकारात दोघंही आपापल्या जागी चांगले, पण एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही; एका छपराखाली राहतात इतकंच. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा दुसरा प्रकार मला माहीत आहे."

"आणि पुडी घेताना जंतूची पूर्ण चौकशी करायची," पुतणी म्हणाली. "नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहिलं असेल तर पुरत नाही. स्थळ बघताना आपण आडनावावर थांबतो का? लॅक्टोबॅसिलस, मग रॅम्नोसस, मग जीजी. शेवटचं अक्षर किंवा आकडा असतो तो नेमका वाण. अभ्यास त्या वाणावर झालेला असतो, त्याच्या चुलतभावावर नाही."

दुसऱ्या दिवशी हे सगळं ज्ञान मी कट्ट्यावर नेलं. प्राध्यापक याचीच वाट बघत होते. त्यांचं म्हणणं, यात नवीन काहीही नाही. गोपाळकाला घ्या. दही आले जंतू, पोहे, लाह्या, भिजवलेली डाळ आले तंतू. कांद्याची दह्यातली कोशिंबीर घ्या. शिळा भात आणि ताक घ्या. "भगवान श्रीकृष्णाने हे सगळ्या गोकुळाला खाऊ घातलं. तेही पेटंट न घेता."

शिळ्या भाताबद्दल ते बरोबर आहेत. भात शिजवून गार झाला की त्यातला काही स्टार्च पचायला चिवट होतो आणि मोठ्या आतड्यातल्या मंडळींपर्यंत पोचतो. पुण्यातल्या दुकानदारांवरच्या विनोदांचंही तसंच काहीतरी होत असावं. शिळे झाले तरी संपत नाहीत.

पुतणी एका रविवारी हौसेने टेकडीवर आली, तेव्हा प्राध्यापकांनी गोपाळकाला तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "सर, दही चांगलंच आहे. पण प्रोबायोटिक म्हणायचं तर जंतू कोणता, किती आणि त्याने काय फायदा होतो, हे दाखवावं लागतं. आपल्या घरच्या विरजणात कोण कोण असतं ते घरोघरी वेगळं. दही खा, फक्त त्याला डॉक्टरेट देऊ नका." प्राध्यापकांनी हयातभर भल्याभल्यांच्या डॉक्टरेट अडवल्या होत्या. आपल्यावर तीच वेळ आलेली पाहून ते त्या दिवशी लवकर उतरले.

सीईओ खूश झाले, पण फार वेळ नाही. त्यांनी मेचनिकॉफचं नाव काढलं. १९०८चं नोबेल पॉल एर्लिखबरोबर वाटून घेतलेला रशियन शास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला. बल्गेरियातले खेडूत आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असं तो सांगायचा आणि स्वतःही ते रोज घ्यायचा.

"किती जगला?" कर्नलसाहेब.

"एकाहत्तर," पुतणी म्हणाली. "१९१६ला गेला."

"मी त्र्याहत्तर आहे," कर्नलसाहेब म्हणाले. "आणि मिसळ खातो."

त्यावर काही क्षण कोणाला बोलता आलं नाही. त्याच मेचनिकॉफचा ओदेसातला विद्यार्थी हाफकिन. त्याने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. त्या वर्षी पुण्यात प्लेगमुळे काय घडलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. म्हणजे गुरूने दही दिलं, शिष्याने सुई. आम्ही कट्ट्यावर सोयीने गुरूचं तेवढं घेतलं.

पुतणीने मग कर्नलसाहेबांच्या मिसळीचं विच्छेदन केलं. मटकीत आपल्याला न पचणाऱ्या काही साखरा असतात, जंतू त्यांच्यावर जगतात. उसळीची जी काही बदनामी आहे ती या पंगतीमुळे. वरचा कच्चा कांदा म्हणजे इन्युलिन. सोबत दह्याची वाटी. "काका, तुमची मिसळ उत्तम आहे. फक्त तर्री आणि फरसाण सोडा."

"मग राहिलं काय?"

"मटकी, कांदा, दही."

"याला हॉस्पिटलचं जेवण म्हणतात," कर्नलसाहेब म्हणाले.

एकदाच ती गंमत सोडून बोलली. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक चाचणी झाली. काही बाळांना पहिल्या आठवड्यापासून लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याच्यासोबत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाचा प्रीबायोटिक दिला, रोज एकदा, सात दिवस. जंतुसंसर्गाने होणारा सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१७ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. खर्चही अगदी किरकोळ. आम्ही गप्प झालो. सीईओंना राहवलं नाही. "म्हणजे आपल्यालाही..."

"काका, तुमचं वय किती?" तिने विचारलं.

विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या मंडळींचा २०१२चा एक अभ्यासही तिने सांगितला. एकत्र कुटुंबातल्या तीन पिढ्या घेतल्या. घर एक, चूल एक, तरी वयाप्रमाणे पोटातली वस्ती बदलत गेलेली दिसली. मला या निष्कर्षापेक्षा त्या कुटुंबांचं कौतुक वाटलं. आमच्याकडे तीन पिढ्यांचं एका भाजीवर एकमत होत नाही. आजोबा, मुलगा आणि नातू यांनी एकाच कामासाठी आपापली डबी भरून द्यायची, हा एकोपा आता दुर्मिळ झाला आहे.

घरी मात्र माझा प्रकल्प अडखळत होता. भारीतलं 'जिवंत' दही मी निळ्या झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवत असे. एका दुपारी कढीभुरका झाल्यावर हिने विचारलं, "कशी झाली होती कढी?"

"सुरेख. दही कुठलं?"

"ते तुमचं निळ्या झाकणाचं. आंबट होत चाललं होतं."

"अगं, उकळलंस? मेले ना सगळे!"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "कोण गेलं रे? आंघोळ करायची का?"

तिला समजावण्यात संध्याकाळ गेली. कोट्यवधी जीव एका पातेल्यात गेले आणि सुतक कोणालाच नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे माझी दाढ दुखली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. म्हणजे नऊला जंतू मारायचे आणि अकराला पुडी फोडून नवे भरायचे. हिने एवढंच विचारलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

तोवर साथ बिल्डिंगभर पसरली होती. दुसऱ्या मजल्यावर बिटाची कांजी, चौथ्यावर कोबी मिठात दाबून ठेवलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने कोंबुचा लावला, म्हणजे चहा साखर घालून आंबवतात तो. त्यांनी तो बाटलीत भरून झाकण गच्च लावलं. आत वायू तयार होत राहिला, बाटलीला बाहेर सोडायला जागा नव्हती. रात्री अडीचला स्फोट झाला. वॉचमन 'सिलिंडर, सिलिंडर' ओरडत जिना चढला आणि सगळी सोसायटी ज्या कपड्यांत होती त्या कपड्यांत खाली आली. कोणाच्या घरी कोण पाहुणे आहेत, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. सकाळी जिन्यात सूचना लागली: 'सदनिकेत जिवंत संवर्धन करणाऱ्या सभासदांनी झाकण सैल ठेवावे. फुटल्यास भिंतीच्या रंगाचा खर्च वसूल केला जाईल. आदेशावरून.'

आषाढ आला. आमच्याकडे कांदेनवमी जोरात होते. कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, पीठ पेरलेली कांद्याची भाजी, लसणाची चटणी. म्हणजे चार महिन्यांचं इन्युलिन एका दिवसात. (सवाईचा अनुभव असल्याने त्या संध्याकाळचं बालगंधर्वच्या नाटकाची तिकिटं हिने आधीच परत केली होती.) दोन दिवसांनी एकादशी, आणि तिथून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. मी आईपुढे विषय काढला.

"आई, कांद्यातला तंतू माझ्या जंतूंना लागतो गं."

"त्यांना सांग, चातुर्मास आहे."

"त्यांना कसं कळणार?"

"तुला कळतं ना? तुझ्याच पोटातले ना ते?"

पुतणीने मध्यस्थी केली. "आजी, केळं चालतं?" चालतं. "हरभरा, मूग, ज्वारी?" चालतं. "मग कांदा नसला तरी उपाशी मरत नाहीत ते." आईने माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात रोज उसळ पडू लागली.

याच सुमारास सीईओंनी शेवटची सूचना केली. पुड्या विकत घेत बसायच्या कशाला? एक पुडी दुधाला लावा, दही होईल. त्यातलं थोडं पुढच्या दुधाला लावा. एकदा खर्च, जन्मभर जंतू. मला हा हिशोब पटला. दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, पुडी टाकली, पातेल्यावर ताटली, वर टॉवेल आणि सगळं गाठोडं ज्वारीच्या डब्यात. सकाळी टॉवेल काढला तर दूध जसंच्या तसं हेलकावत होतं, फक्त वास बदलला होता. पुतणीने फोनवर पुडीवरचं नाव वाचायला लावलं आणि म्हणाली, "हा दही लावणाऱ्यातला नाहीच, काका." तरी मी नेटाने दुसरी पुडी लावली. या वेळी सकाळी दही लागलं होतं. आणि असंतसं नाही. पळी घातली तर कापल्यासारखी वडी निघावी, असं कवडीदार.

मी त्या वाटीचा फोटो काढून कट्ट्यावर नेला. दुपारपर्यंत बातमी बिल्डिंगमध्ये. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं विरजण घेऊन गेलं, मग चौथ्यावरच्या काकू, मग सीईओंचा ड्रायव्हर. आठवडाभरात प्रचीतीही आली. काकूंचा गुडघा हलका झाला. सीईओंना रात्री सलग झोप लागली. कोंबुचावाल्या मुलाचे केस गळायचे थांबले. पोटाबद्दल मात्र कोणीच काही बोललं नाही. प्राध्यापक तेवढे "गोकुळात हेच" म्हणाले, पण वाटी त्यांनीही नेली.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात कर्नलसाहेब, एकटे, हात मागे.

"ते तुमचं... विरजण. थोडंसं मिळेल? घरी नका बोलू. आमच्याकडे या गोष्टींची चेष्टा करतात."

चेष्टा कोण करतं ते आम्ही गेली काही वर्षं रोज सकाळी ऐकत होतो. मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेलो. हिने स्टीलच्या छोट्या डबीत चमचाभर दही काढलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"त्यांना सांगू नका," ती हळूच म्हणाली. "तुमची दुसरी पुडीही फुकट गेली होती. मी ते फेकून रात्री कर्नलीणबाईंकडून विरजण आणलं होतं."

"आणि ही डबी?"

"तीही त्यांचीच. परत करायची राहिलीच होती."